काट्यावरची चांदी

डोंगरसिंग नाईकाच्या तांड्यात धनीबाईएवढी जाड बाई दुसरी नव्हती, आणि धनीबाईला त्याचा केवढा तोरा! अंगात आरसे आणि जुनी नाणी जडवलेला घेरदार फेटिया म्हणजे घागरा, पायात भरीव चांदीचे तोडे, कमरेला चांदीचा पट्टा, गळ्यात हासळी, आणि मनगटापासून दंडापर्यंत चुडा. हे सगळं पेलायला अंगही तसंच पाहिजे, असं तिची सासू रुपीबाई चारचौघींत सांगायची. त्या काळी तांड्यात जाड सून म्हणजे भरल्या घराची खूण होती. बारीक सून दिसली की लोक आधी सासूला नावं ठेवायचे.

तांडा कळंबच्या रस्त्यापासून आत, सागाच्या टेकडीच्या पायथ्याशी होता. या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. आता त्यांची नातवंडं ज्वारी-कापूस पेरून एका जागी बसली होती. फिरतीच्या दिवसांतली चांदी तेवढी घराघरांत राहिली होती. रुपीबाईचा नवरा रामलाल याच्या घरातली चांदी लग्नात सगळीच्या सगळी थोरल्या सुनेच्या, म्हणजे धनीबाईच्या अंगावर चढली. धाकटी हंसाबाई सून होऊन आली तेव्हा तिच्या वाट्याला नवीन चुडा आणि पायात घालायला पितळेची कडी, एवढंच आलं.

आता सांगा, जळायचं कोणी? हंसाबाईनं. पण हंसाबाई कडी वाजवत गाणी म्हणत हिंडायची आणि जळायची धनीबाई.

धनीबाईला एकच रोग होता आणि तो जाडीचा नव्हता. हंसाच्या ताटातली भाकर तिला नेहमी आपल्या भाकरीपेक्षा मोठी दिसायची. सासूनं हंसाला एखाद्या वेळी ‘बेटी’ म्हटलं की ही दिवसभर भांडी आपटायची. हंसाचा नवरा हिरासिंग बाजारातून बायकोसाठी रेवड्या घेऊन आला, तर हिनं आपल्या नवऱ्याला, बिचाऱ्या रूपसिंगला, जेवताना पाणीसुद्धा विचारलं नाही. या सगळ्याच्या मुळाशी जे खरं दुखणं होतं ते मात्र ती कोणाला सांगत नव्हती. काडीसारखी ती हंसा, तिची दोन पोरं अंगणात धूळ उडवत होती. आणि ही एवढी भरलेली धनी, हिच्या पोटातून दोनदा बाळ बाहेर आलं आणि दोन्ही वेळा ते रडलंच नाही. दोन्ही वेळा शेवटच्या दिवसांत तिचे हातपाय सुजले होते, डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. रुपीबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली होती. तांड्यात कोणी यावर काही बोलत नसे, पण बारशाला धनीबाईला बोलावताना बायका जरा घुटमळायच्या, हे तिला दिसत होतं.

एकोणीसशे साठ-एकसष्टचा सुमार असेल. दिवाळीच्या आगेमागे दोघी जावांना दिवस असल्याचं घरात कळलं. रुपीबाईनं तांड्याच्या देवाला, सेवाभायाला, नारळ फोडला. धनीबाईनंही हात जोडले. माझं बाळ रडू दे, एवढंच तिनं मागितलं. मग डोळे उघडले तर शेजारी हंसा हात जोडून उभी, म्हणून तिनं पुन्हा डोळे मिटले आणि पुस्ती जोडली, की हिच्या बाळाच्या आधी रडू दे.

सरकारी दवाखान्याची जीप तेव्हा महिन्यातून एकदा तांड्यावर येऊ लागली होती. जीपमधून मेश्रामबाई नावाची नर्स उतरायची. उन्हानं रापलेली, खणखणीत आवाजाची बाई. तिच्याकडे गावं आणि तांडे इतके, की ती बसून पाणीसुद्धा प्यायची नाही. नाईकाच्या अंगणात निंबाखाली ती वजनाचा चपटा काटा मांडायची आणि एकेक पोटुशी बाई त्यावर उभी करायची.

“आधी चांदी उतरवा,” पहिल्याच खेपेला ती म्हणाली.

एकही बाई हलली नाही. रुपीबाई पुढं झाली. “बाई, चुडा नवरा मेल्यावर उतरते. अन् भरल्या पोटानं अंगावरची चांदी काढून ठेवाव, असं आमच्यात नाही. अपशकुन होते.”

मेश्रामबाईंनी रांगेकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. वाद घालायला वेळ नव्हता. “बरं, राहू द्या. पण ध्यानात ठेवा, आज जे अंगावर आहे तेच दर खेपेले पाह्यजे. कमी नाही, जास्त नाही. मले वजन किती ते नाही पाह्याचं, किती वाढलं ते पाह्याचं आहे. हळूहळू वाढलं तर समजा बाळ वाढून राह्यलं. काट्यानं एकदम उडी मारली तर अंगात पाणी भरून राह्यलं. तिचे मंग मी पाय दाबून पाहीन, दंडाले पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहीन.”

बायकांनी माना डोलावल्या. धनीबाई चांदीसकट काट्यावर चढली आणि काटा सरसर फिरला. मेश्रामबाईंच्या भुवया वर गेल्या. “बाप्पा! तू जाड आहे वो बाई. पोटुशी बाईले इतकं जड असनं बरं नाही. दूध-तुपाचे लाड बंद. एक भाकर कमी, मीठ चिमूटभर, भाजी पाह्यजे तेवढी. रोज चालत जाय. अन् ह्या लोहाच्या गोळ्या, जेवल्यावर एक.” आधीच्या बाळंतपणांचं विचारलं तेव्हा धनीबाई “नजर लागली” एवढंच बोलली.

मग हंसाबाई चढली. तिची पितळेची कडी काट्यावर टणकन वाजली आणि काटा थोडा हलून थांबला. मेश्रामबाईंनी तिच्या गळ्याची हाडं पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि जीपमधून भुकटीची भली मोठी पुडी आणवली. “ही दुधाची भुकटी. गरम पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ प्याची. अन् ह्या माशाच्या तेलाच्या गोळ्या. चावाची नाही, गिळाची.”

धनीबाईनं आपल्या हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं. काळ्या, शेळीच्या लेंड्यांसारख्या. हंसाच्या हातातल्या पिवळ्याजर्द, ऊन लागलं की आरपार दिसणाऱ्या. जन्मात पहिल्यांदा जाड असल्याचा तिला तोटा झाला होता, आणि तोही हंसासमोर.

“बाई, मलेही द्या ना थोडी भुकटी,” ती म्हणाली.

“जिच्याजवळ कमी तिच्यासाठी आहे ते. तुह्याजवळ गंज आहे, पोतंभर!” मेश्रामबाई म्हणाल्या, आणि रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. हंसासुद्धा हसली. तिचं हसणं साधं होतं, पण धनीबाईच्या काळजात ते बाभळीच्या काट्यासारखं रुतलं.

झालं. त्या दिवसापासून धनीबाईचा दिवस भुकटीनं उजाडायचा आणि भुकटीनं मावळायचा. हंसा चुलीपाशी बसून भुकटी कालवायची, गुठळ्या बोटानं फोडायची, आणि प्याल्यावर तिच्या ओठावर पांढरी मिशी उमटायची. रुपीबाई कौतुकानं बघायची. “घ्या ना बाई, एक घोट,” हंसा थोरल्या जावेला म्हणायची. “मी नाही कोणाचं उष्टं पेत,” धनीबाई म्हणायची. पण एकदा कोणी नसताना तिनं पुडीत बोट घालून चाटलं. भुकटी टाळूला चिकटली, धड गोड नाही, धड आंबट नाही. एवढ्यासाठी आपण जळतोय? पण जळणं काही चवीवर अवलंबून नसतं. हंसाचे गाल भरतील, हंसाचं बाळ गुटगुटीत होईल, आणि आपलं पोटातच उपाशी राहील, हे एकदा मनात बसलं ते बसलं. काळ्या गोळ्या तिनं म्हशीच्या आंबोणात टाकल्या. म्हैस मात्र मजेत होती.

पुढची जीप यायच्या सकाळी धनीबाई राखेनं तोडे घासत बसली होती. घासता घासता तिला नर्सबाईचं बोलणं आठवलं, आणि तिचा हात थांबला. नर्सबाई काट्याला विचारणार, माणसाला नाही.

“हंसा, इकडे ये वं,” तिनं हाक मारली. “दवाखान्याच्या बाईपुढं तुह्या पायात पितळ. लोक काय म्हणत असतीन? घे, घाल माहे तोडे.”

हंसा बघतच राहिली. “बाई, तुमचे तोडे?”

“मंग काय शेजारणीचे? घाल म्हटलं तर घाल.”

रुपीबाई चूल सोडून धावत आली. भरल्या पोटानं चांदी काढू नये हे तिचंच शास्त्र, पण तिनं तिथल्या तिथं त्याला नवीन कलम जोडलं, की काढून ठेवली तर दोष, काढून दुसऱ्या पोटुशीला घातली तर पुण्य. तिनं पदरानं डोळे टिपले आणि दुपारपर्यंत सगळ्या तांड्याला सांगून आली, की आमची धनी सुधारली, पोटातल्या लेकरानं तिला शहाणं केलं. धनीबाई मान खाली घालून ऐकत होती. तिला लाज वाटत होती असं लोकांना वाटलं. ती हसू दाबत होती.

आणि काटा तिच्या मनासारखा बोलला. हंसाच्या फेटियाखाली तोडे कोणाला दिसणार? “वा हंसा, भरली तू!” मेश्रामबाई खूश झाल्या. “काम केलं भुकटीनं. आता ह्या खेपेची पुडी दुसरीले देऊ.” मग धनीबाई चढली. काट्याकडे पाहून मेश्रामबाई जरा विचारात पडल्या. “तुहं तर जराही वाढलं नाही. तू जाड असली तरी लेकराले लागतेच ना वो. इतकंही तोंड बांधू नको. घे, ही पुडी तू घे.”

हंसाच्या हातात जाणारी पुडी धनीबाईच्या हातात आली. त्या दिवशी धनीबाई जन्मात पहिल्यांदा गाणं गुणगुणली.

भुकटी पाण्यात कालवून पिण्यात तिला काही राम वाटला नाही. तिनं ती मोहफुलांत, तिळात आणि तुपात मळून लाडू वळले, आणि तोंडी लावायला खारवलेल्या तळलेल्या मिरच्या. एक लाडू, एक मिरची. नर्सबाईनं बंद केलेलं सगळं तिनं नर्सबाईच्याच भुकटीत घालून खाल्लं, आणि तेही हंसा समोर बसली असताना, सावकाश. हंसा बघायची आणि दुसरीकडे नजर वळवायची. एकदा तिनं विचारलं, “बाई, मले एक देता का? आजकाल चक्कर येऊन राह्यली.” धनीबाईनं लाडवाचा तुकडा मोडला, तिच्या हातावर ठेवला, आणि तो तुकडा हंसाच्या तोंडात जाईपर्यंत आपला घास गिळला नाही.

होळी जवळ आली तशी धनीबाईची बोटं फुगू लागली. चुडा मनगटात रुतू लागला. सकाळी उठल्यावर पापण्या जड. चांगलं खातो आहोत, म्हणून अंग भरतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण अंग भरतंय म्हणजे काटा चढणार, आणि काटा चढला की भुकटी परत हंसाकडे जाणार. म्हणून या खेपेला तिनं आपला नाण्यांनी जडवलेला फेटिया आणि कमरेचा पट्टाही हंसाच्या अंगावर चढवला आणि स्वतः एक साधा, जुना फेटिया नेसली. इतक्या तांड्यांतल्या इतक्या बायकांत कोण काय नेसलं होतं, हे नर्सबाईच्या ध्यानात थोडंच राहणार! रुपीबाईनं या वेळी रडायचंही बाकी ठेवलं नाही. “अशी जाऊ सात तांड्यांत नाही,” ती म्हणाली. हंसा एवढ्या ओझ्यानं वाकली होती. तिला धापही लागत होती.

ती काट्यावर चढली आणि काट्यानं उडी मारली.

मेश्रामबाईंचं हसू गेलं. त्यांनी हंसाला बाजेवर बसवलं, पाय दाबून पाहिले. सूज नव्हती. पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक. “काटा म्हणते वजन चढलं, डोळे म्हणतात अंगात रक्त नाही. मले हे बरं दिसून नाही राह्यलं,” त्या म्हणाल्या. “यवतमाळले नेतो हिले, मोठ्या डॉक्टरीणबाईकडे. आत्ता. हिरासिंग, तू मागं बस.”

जाता जाता उरलेल्या बायका त्यांनी घाईघाईनं काट्यावरून उतरवल्या. धनीबाईचा काटा जागच्या जागी होता. “शाबास. अशी पाह्यजे बाई. पुढची ये,” एवढं म्हणून त्यांनी तिच्याकडे वर मान करून पाहिलंही नाही.

हंसाला दोघी बायकांनी धरून जीपमध्ये पुढच्या जागी बसवलं. सगळा तांडा बघायला लोटला. नाईक स्वतः काठी टेकत आला. अंगावर थोरल्या जावेची चांदी, चारी बाजूंनी लोक, आणि जीप भुर्रकन निघाली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! धनीबाई निंबाखाली उभी राहून धूळ खात होती. आता हंसाला लोखंडी खाट मिळेल. पांढरी चादर मिळेल. दुधात बुडवलेला पाव मिळेल, मोसंबी मिळतील, डॉक्टरीणबाई तिच्या कपाळाला हात लावेल. आणि हे सगळं माझ्या चांदीच्या वजनावर! तिला इतका संताप आला, की घरी जाऊन तिनं उरलेले लाडू एकापाठोपाठ एक खाल्ले. मग ते तिनं ओकून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं घणानं ठोकल्यासारखं ठणकत होतं. ती अंगणात आली आणि उन्हात तिच्या डोळ्यांपुढे काजवे उडाले.

हे काजवे तिच्या ओळखीचे होते. दोनदा आले होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्यामागून ते न रडलेलं बाळ आलं होतं. धनीबाई मटकन खाली बसली. तिचं सगळं जळणं एका क्षणात थंड पडलं आणि त्या जागी भीती भरली. जीप काल दारात होती. दंडाला बांधायचा पट्टा होता, यवतमाळला डॉक्टरीण होती, सगळं होतं. आणि नर्सबाईनं आपल्याकडे मान वर करून पाहू नये याची तजवीज आपण स्वतःच्या हातानं केली. सासूला सांगावं तर काय सांगावं? नवऱ्याला बैलगाडी जुंपायला सांगावी, तर तो विचारणार, काल काटा ठीक म्हणाला मग आज काय झालं? ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि पोटावर हात ठेवून आतल्या हालचालीची वाट पाहू लागली. बाळ हललं. मग बराच वेळ हललं नाही.

दुपारी जीपचा आवाज आला. मेश्रामबाई उतरल्या. त्यांच्या हातात एक गाठोडं होतं, आणि ते त्यांनी रुपीबाईपुढं बाजेवर आपटलं. आतून तोडे, पट्टा आणि फेटिया वाजले. “दवाखान्यात दागिने ठेवत नाही. हिरासिंग म्हणे घरी नेऊन द्या. डॉक्टरीणबाईनं हे उतरवून पोरीले काट्यावर उभी केली तर ती कापसासारखी हलकी. कधीपासून घालून राह्यली ती हे? कोणाची आहे ही चांदी?”

रुपीबाईचा चेहरा फुलला. “माह्या धनीची! एका खेपेले तोडे देल्ले, ह्या खेपेले पट्टा अन् नाण्यायचा फेटिया देल्ला. जीप याच्या दिवशी सोताच्या हातानं घालून दे, बाई! आपल्या अंगावरचं काढून देराणीले द्याले काळीज लागते.”

ती बोलतच होती. जीप यायच्या दिवशी, स्वतःच्या अंगावरचं, दर खेपेला. एकेक कौतुक मेश्रामबाईंच्या कानात पडत होतं आणि त्यांची नजर रुपीबाईवरून सरकत भिंतीशी बसलेल्या धनीबाईवर येऊन थांबली. सुजलेल्या पापण्या, फुगलेले ओठ. त्या सरळ तिच्यापाशी गेल्या आणि उकिडव्या बसल्या.

“पाय दाखव.”

धनीबाईनं फेटिया वर सरकवला. मेश्रामबाईंनी नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. खळगा पडला तो तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत पडावा तसा. दोघी त्या खळग्याकडे बघत होत्या. मागं रुपीबाई अजून सांगत होती, अशी जाऊ सात तांड्यांत नाही.

मेश्रामबाईंनी सासूला काही सांगितलं नाही. धनीबाईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. चालता चालता धनीबाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“बाई, माहं लेकरू रडंन ना?”

“मले खोटं बोलाले लावू नको,” मेश्रामबाई म्हणाल्या. “बस जीपमध्ये.”

जीपमधला रस्ता धनीबाईला आठवत नाही. यवतमाळच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला झटका आला, दातखीळ बसली. पुढं काय झालं ते तिला दुसऱ्यांनी सांगितलं. मुलगा झाला. दिवसांआधी झाला, पण जिवंत झाला, आणि रडला. खूप रडला म्हणे. ज्या रडण्यासाठी तिनं एवढे नवस केले, ते रडणं वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं, रूपसिंगनं दाराबाहेर ऐकलं, आणि सगळ्यात आधी ऐकलं हंसानं, शेजारच्या खाटेवरून. धनीबाईनं काहीच ऐकलं नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा हंसा पाठमोरी बसली होती. तिच्या खाटेवर एक मुठीएवढी मुलगी फडक्यात गुंडाळलेली होती. ती आदल्याच दिवशी, तीही दिवसांआधी, झाली होती. आणि हंसाच्या छातीशी दुसरंच एक मूल होतं.

“माहं आहे ते,” धनीबाई म्हणाली. जीभ चावल्यामुळं शब्द नीट उमटत नव्हते. “दे इकडे.”

हंसानं मुलगा तिच्या कुशीत दिला. धनीबाईनं त्याला पदराखाली घेतलं. तो शोधत राहिला, तोंड मारत राहिला, आणि काहीच लागेना तेव्हा लालबुंद होऊन रडू लागला. एवढं भरलेलं अंग, पण दुधाचा थेंब नाही. डॉक्टरीणबाई सांगून गेली होती, की आजारामुळं दूध उतरायला वेळ लागेल, कदाचित उतरणारही नाही. हंसा हात पुढं करून त्याला चुचकारत होती. मुलानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. आईकडे पाठ करून, हंसाकडे. आणि धनीबाईच्या पोटात तो जुना, ओळखीचा भडका उठला. मरता मरता वाचलेल्या बाईच्या अंगात तेवढ्यासाठी मात्र ताकद होती.

तिनं मूल परत दिलं. द्यावंच लागलं.

हंसा पाजत बसली. थोड्या वेळानं ती म्हणाली, “नर्सबाई मले काही सांगत नाही, नुसती तुमच्याकडे पाह्यते. बाई, खरं सांगा. ती चांदी मले कायले देल्ली तुमी?”

खोटं बोलणं सोपं होतं. सासूनं ते आधीच तांडाभर सांगून ठेवलं होतं. पण हंसाच्या छातीशी तो मुलगा होता, आणि त्याच्याकडे बघत धनीबाईला दुसरं काही सुचलं नाही.

“तुही भुकटी बंद व्हावी म्हून.”

हंसानं शेजारच्या फडक्यातल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. तिचे हात काड्यांसारखे होते, तोंड म्हाताऱ्या बाईसारखं सुरकुतलेलं. मग हंसानं धनीबाईचा मुलगा छातीवरून सोडवला, आपल्या खाटेच्या कडेला उघड्या चादरीवर ठेवला, आणि चोळीच्या गाठी बांधल्या.

मुलगा किंचाळला. वॉर्डातल्या बायका वळून बघू लागल्या. धनीबाई उठायला गेली, तिला उठता येईना. “हंसा,” ती म्हणाली. “हंसा, उचल वं त्याले.” हंसा भिंतीकडे बघत राहिली. “सगळी चांदी घे. हासळी घे. माह्या अंगावर ठेवू नको काही.” चांदी मागितली होतीच कोणी? मुलाचा आवाज चढत गेला, मग तुटू लागला, बारीक होऊ लागला. ज्या आवाजासाठी ती इतकी वर्षं कान लावून बसली होती, तो आवाज धनीबाई आता ऐकत होती आणि तो थांबू नये, थांबू नये, एवढंच मनात म्हणत होती.

हंसाच्या चोळीवर दोन ओले डाग पडले. मूल कोणाचं आहे ते दुधाला कळत नाही. तिनं खाली पाहिलं आणि दातओठ खाऊन मुलाला उचललं. पण छातीशी नाही घेतलं. त्याला तिनं धनीबाईच्या मांडीवर आणून टाकलं.

“धरा. आधी माही पोर पेईन. तिचं पोट भरल्यावर उरलं तर ह्याचं. रोज. घरी गेल्यावरही.”

“हो,” धनीबाई म्हणाली.

“अन् मले भुकटी पाह्यजे. नर्सबाईनं ठेवली आहे तिथं. कालवा.”

धनीबाईनं मुलाला एका हातानं कवटाळलं आणि दुसऱ्या हातानं, सुजलेल्या बोटांनी, पेल्यात भुकटी कालवली. एकेक गुठळी फोडली. हंसा पोरीला छातीशी धरून प्याली आणि तिनं पेला खाली ठेवला.

“तळाशी राह्यली,” धनीबाई म्हणाली. “तेवढी घे ना वं.”

हंसानं तळाचीही प्याली. पोरगी चोखत होती. ती अशक्त होती, दोन घोट घ्यायची, झोपी जायची, हंसा तिच्या टाचेला टिचकी मारायची, मग पुन्हा दोन घोट. धनीबाईच्या मांडीवर मुलगा मुठी चोखत कण्हत होता. धनीबाई त्या पोरीच्या हलणाऱ्या गालांकडे टक लावून बघत होती. तिनं जन्मभर हंसाच्या भाकरीवर, हंसाच्या पोरांवर, हंसाच्या गाण्यावर जळून पाहिलं होतं, पण आज या काल जन्मलेल्या मुठीएवढ्या पोरीच्या एकेका घोटावर ती जळली तशी कधीच जळली नव्हती.

पोरगी सुटली तेव्हा हंसानं तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, ढेकर येईपर्यंत थांबली. मग तिनं धनीबाईकडे न बघता हात पुढं केला.

“आणा त्याले.”

धनीबाई कशीबशी उठली आणि मूल घेऊन तिच्या खाटेपाशी गेली.